भुशातला बर्फ

लेकीकडे मॅसॅच्युसेट्सला गेलो की ती गावातलं काहीतरी जुनं दाखवते. या खेपेला तळ्याकाठचं बर्फाचं गोदाम दाखवलं. तिथे आता छोटं संग्रहालय आहे. ते सांभाळणाऱ्या वृद्ध बाईंनी भिंतीवरची माणसाएवढी करवत दाखवली. पूर्वी हिवाळ्यात तळं गोठलं की त्या करवतीने बर्फाच्या लाद्या कापत आणि लाकडाच्या भुशात बांधून जहाजाने पाठवत, पार मुंबईपर्यंत.

"वाटेत वितळत नसे?" मी विचारलं.

"वितळायचा की. पण उरायचाही. त्या उरलेल्यावरच तर हे गाव उभं राहिलं."

मला आमचा सोलापूरचा बर्फवाला आठवला. त्याच्या लादीलाही भुसा चिकटलेला असे, आई तो नळाखाली धुऊन टाकी. मग लेकीकडे पाहिलं. वीस वर्षांत हिचं मराठी, हिचे सणवार, काय काय वितळलं तेच मी दर खेपेला बघत आलोय.

बाहेर बोचरी थंडी होती. तिने माझ्या कानांभोवती मफलर गुंडाळला आणि टोक गळ्याशी घट्ट खोचलं. तिची आई असंच खोचायची.