टेबलाचा रिकामा खण

फ्रिस्को शहरातलं घर सोडायच्या आदल्या शनिवारी आम्ही नको असलेलं सामान घरासमोर मांडून विकायला काढलं, म्हणजे यार्ड सेल लावला. अ‍ॅशबर्नच्या नव्या घरात माझ्या लाकडी टेबलाला जागा नव्हती. स्टेट कॉलेज नावाच्या गावी शिकत असताना कुणीतरी रस्त्याकडेला टाकलेलं हे टेबल मी मित्राबरोबर उचलून आणलं होतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं, आणि मास्टर्सचा सगळा अभ्यास मी या टेबलावर केला. त्याचे उपकार कसे विसरायचे? बायको म्हणाली, "उपकार लक्षात ठेव, टेबल वीक."

मी कबूल झालो.

आई गावाहून आमच्याकडे आलेली होती. समोरच्या घरातल्या आजोबांनी सगळ्यात आधी स्टीलचा डबा उचलला, तो तिने त्यांच्या हातातून काढून घेतला.

"रिकामा डबा देतात का कुणाला?"

"आई, ते विकत घेतायत."

"म्हणून काय झालं?"

प्रवासासाठी केलेला चिवडा भरून तिने डबा परत दिला. थोड्या वेळाने आजोबा शेजाऱ्यांना घेऊन आले. दुपारपर्यंत घरासमोरच्या ड्राइव्हवेवर रांग लागली. पातेल्यातून पोहे गेले, थर्मासमधून चहा. कुकर घेणाऱ्या तरुणीला आईने आत तांदूळ घालून दिले आणि शिट्ट्या तोंडाने वाजवून दाखवल्या. फुलदाणी शेंगदाण्यांनी भरली. एकाने माझे जुने बूट घेतले, तेव्हा आई बुटांत वाकून पाहू लागली. मी घाईघाईने त्याला वाटेला लावलं.

तेवढ्यात आजोबा डबा परत घेऊन आले. आत बिस्किटं.

"चांगल्या घरचे आहेत हो," आई म्हणाली.

"आई, हा डबा आपण विकला होता!" बायको.

"मग काय, आलेला हाकलून देऊ?"

संध्याकाळी एका माणसाने टेबल मागितलं. गॅरेजमध्ये रंगाचे डबे ठेवायला. द्यायचं मनात नव्हतं, पण बायकोला शब्द दिलेला होता. त्याने टेबलाचा खण ओढून पाहिला. आईनेही पाहिला.

"रिकामा आहे," ती म्हणाली.

स्वयंपाकघरात शोधलं. तांदूळ, पोहे, शेंगदाणे, सगळं संपलेलं.

"मीठ आहे," बायको म्हणाली.

"मीठ देतात का कुणाला?"

"बिस्किटं?"

"आपल्याला आलेली लगेच दुसऱ्याला?"

बायकोने त्या माणसाला आईची अडचण समजावली. तो म्हणाला, त्याला रिकामा खण चालेल.

"त्याला चालेल," आई म्हणाली, "मला नाही."

बायको माझ्याकडे बघत राहिली. मी टेबलाला टेकून उभा होतो, हे मला तेव्हा कळलं. मग ती त्या माणसाला म्हणाली, "सोफा घेता का?"

सोफ्याला खण नव्हता. सोफा गेला, आणि सामानाच्या ट्रकमध्ये त्याच्या जागी टेबल चढलं.

दुसऱ्या दिवशी वाटेत आईने पिशवीतून लाडवांचा भरलेला डबा काढला.

"हे काल कुठे होते?" बायकोने विचारलं.

"खणात मावले नसते," आई म्हणाली आणि पहिला लाडू तिच्या हातावर ठेवला.