गोदाकाकीची पडवळं आणि अधिक श्रावण

गोदाकाकीच्या स्वयंपाकघरात कॅलेंडर होतं, पण ते खिडकीतून येणारी पावसाची झड अडवायला. हवापाणी कळायला तिला ते लागत नसे. समुद्राची गाज मिऱ्या डोंगराच्या अंगाने आली की उघडीप, भाट्याच्या खाडीच्या अंगाने आली की पाऊस. पदर कानामागे सारून ती अंगणात उभी राहायची, मान हलवायची, आणि आमची अख्खी आळी वाळवणं आत घ्यायची. भेंडी कधी टोचायची, लाल माठाचं बी कधी फेकायचं, मुळा दिवाळीच्या आधी की नंतर, सगळं तिला विचारून. चुकलं तर ती म्हणायची, "मी बरोबरच सांगितलं होतं, पाऊस चुकला." पावसाच्या बाजूने बोलायला कोणी नसल्यामुळे प्रकरण तिथेच मिटायचं.

अगदीच कोणी नव्हतं असं नाही. परसाच्या दगडी गडग्यापलीकडे आत्मारामभाऊ राहायचे. कोर्टातले निवृत्त कारकून. रोज सकाळी साडेआठला तुपाच्या रिकाम्या डब्यात साचलेलं पाणी ते फूटपट्टीने मोजायचे आणि वहीत लिहायचे.

"काल चार इंच पडला, वहिनी."

"मला काय सांगता? मी त्यात भिजल्ये."

गोदाकाकीचा खरा मान मात्र ऋषिपंचमीला. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. म्हणजे घाटावरून ट्रकने येणारी बाजारातली भाजी चालत नाही. नांगर न लागलेल्या, हाताने खणलेल्या परसातलीच हवी. अळू, माठ, भोपळा कोणाच्याही दारात मिळायचा. पडवळ फक्त काकीच्या मांडवावर. तीस वर्षं आळीतल्या बारा घरांच्या भाजीत तिचं पडवळ पडत होतं. दीड वर्षापूर्वी काकीचे यजमान भिकाजीकाका गेले, तरी गेल्या पंचमीलाही पडलं होतं. त्या दिवशी काकी बारा घरी वाटे पोचवायची आणि बारा घरी तेच ऐकून घ्यायची, "हात आहे हो तुमचा!"

पंच्याऐंशी सालच्या जूनमध्ये, मृग लागला तशी ती बी घेऊन परसात उतरली. आत्मारामभाऊ गडग्यावर कोपर टेकून उभे होते.

"वहिनी, यंदा अधिक श्रावण आहे. पंचमी लांबली, थेट एकोणीस सप्टेंबरला. थोडं बी मागे ठेवा, पुनर्वसूत टोचा."

"पुनर्वसूच्या पावसात बी कुजतं, भावजी. आणि बियांना काय कळतो अधिक महिना?"

"बियांना नाही कळत. ऋषींना कळतो."

काकीने सगळं बी त्याच दिवशी टोचलं. त्यांच्याकडे पाठ करून.

ऑगस्टमध्ये मांडव असा काही लगडला की बघत राहावं. हातभर लांब पडवळं, सरळ वाढावीत म्हणून प्रत्येकाच्या टोकाला सुतळीने दगड बांधलेला. खाली वाकून चालावं लागे, नाहीतर कपाळावर टेंगूळ. आळीने महिनाभर वाल घालून पडवळ खाल्लं, दह्यातलं खाल्लं, बियांची चटणी खाल्ली. शेवटी काकी वाटे घेऊन येताना दिसली की लोक दार लोटून घ्यायला लागले.

आणि सप्टेंबर उजाडला तसे वेल पिवळे पडले. दहा तारखेला मांडवावर बियाण्यासाठी ठेवलेलं एक वाळकं पडवळ आणि बरेचसे मोकळे दगड तेवढे लोंबत होते. काकी रोज सकाळी त्यांच्याखाली जाऊन उभी राहायची. गाज ऐकायला अंगणात येईनाशी झाली. शेजारच्या दमयंतीवहिनींनी मुळ्याचं विचारलं, तर म्हणाली, "तुला वाटेल तेव्हा पेर." वहिनी घाबरून आमच्याकडे आल्या. "काकींना बरं नाही का गो?"

चतुर्थीच्या दुपारी, गणपतीचं जेवण आटोपल्यावर, मी काकीबरोबर परसात अळू कापत होते. गडग्यापलीकडून आत्मारामभाऊंनी हाक मारली. त्यांच्या हातात दोन पडवळं होती.

"हे दीड फूट. दुसरं एक फूट आठ इंच."

काकीने हात पुढे केला नाही. "बाजारचं मला चालत नाही."

"माझ्या न्हाणीमागचं आहे. कुदळीने खणलंय. पाठ धरली चार दिवस."

"तुमच्या हातून पडवळ?"

"आठ दाणे टोचले पुनर्वसूत. सात कुजले. तुम्ही म्हणालात तसेच." मग फूटपट्टी नसली की काय करावं हे न सुचल्यासारखे ते पडवळं चाचपत राहिले. "भिकाजी करायचा हे. पंचमी लांबणीवर असली की मी त्याला पंचांग बघून सांगायचो, आणि तो तुमच्या विहिरीमागे थोडे दाणे टोचायचा. सत्त्याहत्तर साली, ऐंशी साली."

काकीच्या हातातला विळा थांबला.

"मला वाटायचं, तिथला वेल उशिरापर्यंत टिकतो," ती म्हणाली. मग म्हणाली, "मला कधी बोलले नाहीत."

"बोलला असता तर तुम्ही टोचू दिलं असतंत?"

काकीने विळा खाली ठेवला. पडवळं घेतली, उन्हात धरून पाहिली.

"हे वाकडं आहे. दगड हलका बांधलात."

दुसऱ्या दिवशी तिने ती दोन पडवळं इतकी पातळ चिरली की चकतीतून पलीकडचं दिसावं. बारा घरी वाटे गेले. "हात आहे हो तुमचा," पहिल्याच घरी म्हणाले. "माझा नाही," काकी म्हणाली, आणि कोणाचा ते न सांगता पुढच्या घरी गेली. वाकड्या पडवळाचं टोक तेवढं तिने आत्मारामभाऊंच्या वाट्यात घातलं.

संध्याकाळी तिने मांडवावरचं वाळकं पडवळ उतरवून फोडलं, बियांना राख चोळली, आणि खिडकीतल्या कॅलेंडरचा कागद फाडून त्यात आठ दाणे बांधले.

"पुढचा अधिक कधी, भावजी?"

"अठ्ठ्याऐंशीला. ज्येष्ठ."

"हे ठेवा तुमच्याजवळ. मृगाचं मी बघीन, पुनर्वसू तुमचा. आणि दगड जड बांधा."

हस्ताचा पाऊस आला तेव्हा झड कॅलेंडरच्या फाटक्या जागेतून थेट चुलीपर्यंत गेली. काकीने त्याबद्दलही आत्मारामभाऊंनाच बोल लावला.