तुला झेपंल

चौगुले सर रस्त्यानं जाताना डॉक्टरांच्या पाट्या मोठ्यानं वाचायचे. डॉक्टरचं नाव नाही, डिग्रीही नाही. डिग्रीपुढं कंसात बारीक अक्षरात लंडन, मुंबई असं काहीतरी लिहिलेलं असतं ना, तेवढंच. हातकणंगल्याच्या स्टँडसमोर एकदा त्यांनी जीप थांबवायला लावली, एका नव्या दवाखान्याची पाटी वाचली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "बघ, कंसच न्हाय. हा गडी जन्मभर सर्दी-खोकलाच बघणार." मागच्या सीटवर आम्ही पोरी पोट धरून हसलो. माझ्या डिग्रीलाही कंस नव्हता, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही.

मी दातांची डॉक्टर. माहेर इचलकरंजी. वडील, म्हणजे आमचे आण्णा, यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर. बंद पडलेला माग दुरुस्त करून चालू करून द्यायचा, हे त्यांचं काम. स्वतःचा दवाखाना टाकायची आमची ऐपत नव्हती, म्हणून मी कोल्हापुरातल्या एका मेडिकल कॉलेजात सरांच्या हाताखाली लागले. सर तिथं सार्वजनिक आरोग्याचे प्राध्यापक. मागावरच्या कामगारांचा तोंडाचा कॅन्सर वेळेत पकडायचा, असा त्यांचा प्रकल्प होता. दिवसभर त्या खटखटाटात घसा फोडून मी लोकांना आ करायला लावायचे.

सरांनी मला काम शिकवलं, आणि मनापासून शिकवलं. त्यात काडीची खोट नाही. अगदी सुरुवातीला मी एका कामगाराला विचारलं, तंबाखू-सुपारीचा मावा खाता का? तो सरळ न्हाय म्हणाला. दात बघितले तर विटेसारखे लाल! सर शेजारी उकिडवे बसले, त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि गप्पा मारल्यासारखं विचारलं, "पावणं, दिसाला किती पुड्या लागत्यात?" गडी लगेच आकडा सांगून मोकळा झाला. जीपमध्ये सर म्हणाले, "खाता का, असं विचारलं की माणसाला निसटायला दार मिळतंय. दार ठेवायचंच न्हाय. किती, कवापास्नं, असं विचारायचं." मी आजही तसंच विचारते.

सर मूळचे पेठ वडगावजवळच्या एका खेड्यातले. तरुणपणी त्यांची इंग्लंडला शिकायला निवड झाली होती. पैसा उभा राहिला नाही, जाणं राहिलं. ही गोष्ट ते कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला ऐकवायचे आणि शेवटी चष्मा काढून पुसायचे. आम्हाला ती तोंडपाठ होती, तरी दरवेळी भरून यायचं. आमच्या शेतातल्या मातीचा माणूस तिकडं जायला पाहिजे, असं ते म्हणायचे, तेव्हा वाटायचं, आपणच जावं आणि या माणसाचं राहिलेलं पुरं करावं.

मग सार्वजनिक आरोग्याच्या मास्टर्ससाठी माझी दोन ठिकाणी निवड झाली. एक दक्षिणेतली सरकारी संस्था. फी नावापुरती, वर महिन्याला विद्यावेतन, पण जागा मोजक्याच. दुसरं इंग्लंडातलं नामांकित विद्यापीठ. त्याची फी ऐकून आण्णांनी मला ती पुन्हा एकदा, सावकाश सांगायला लावली. तिकडं जायचं तर आमचं दोन खोल्यांचं घर बँकेकडं गहाण पडणार होतं. माझा कल सरळ सरकारी संस्थेकडं होता. या क्षेत्रात काम डोंगराएवढं आणि पगार मुठीएवढा, हे मी डोळ्यांनी बघत होते. मी सरांना तसं सांगून टाकलं.

ऐकल्यावर दोन दिवसांनी सर थेट इचलकरंजीला आमच्या घरी आले. जमिनीवर मांडी घालून बसले, आईच्या हातची खर्डा-भाकरी मागून मागून खाल्ली. एवढा मोठा माणूस आपल्या दारात, आण्णांना काय करू आणि काय नको असं झालेलं. हात धुता धुता सर म्हणाले, "म्हैस घेताना दाव्याची किंमत बघायची नसती, आण्णा. पोरीच्या नावापुढं एकदा कंस लागला की कर्ज आपोआप फिटतंय." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुला झेपंल, पोरी." आण्णांनी तिथल्या तिथं मान डोलावली.

चहा झाल्यावर सर म्हणाले, आता त्या सरकारी संस्थेला नको म्हणून कळवून टाक. जागा अडवून ठेवू नये, कुणातरी गरजवंताला मिळंल. मी म्हटलं, उद्या कळवते. ते म्हणाले, आत्ताच कळव. मी त्यांच्यासमोर बसून मेल पाठवला. केवढं मोठं मन, असं मला वाटलं. आईनं तर ते गेल्यावर त्यांच्या नावानं देवाला साखर ठेवली!

इंग्लंडात मी शिकले, खूप शिकले, ते नाकारणार नाही. पण शिक्षण संपल्यावर माझ्या विषयातली नोकरी काही मिळेना. मिळत होती ती वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना अंघोळ घालायची. तीही केली. व्हिसा संपल्यावर परत आले आणि जिल्ह्याच्या आरोग्य कार्यक्रमात कंत्राटी नोकरीला लागले. मुलाखतीत समोरच्या बाईंनी एवढंच विचारलं, मास्टर्स झालंय ना? कुठनं, हे विचारलंसुद्धा नाही. कुठनंही केलं तरी पगार तोच. अर्ध्याहून जास्त पगार हप्त्यात जायला लागला. आण्णांनी रात्रपाळी सोडली होती, ती त्यांनी परत धरली. तरीही मला सरांचा राग आला नव्हता. सल्ला चुकला असेल, माणूस चुकतो, असं मी स्वतःला समजावत होते.

पुढच्या वर्षी पुण्यात एक प्रशिक्षण होतं. जेवायच्या वेळी शेजारी येऊन बसली ती अनुजा, सरांची मुलगी. त्यांच्या घरी गेलं की चहा आणून द्यायची, तेवढीच ओळख. माझी निवड झाली तेव्हा ती फिजिओथेरपी करून घरीच होती. तिच्या लग्नाचं बघतोय, असं सरांनी मला सांगितलं होतं. आता ती शेजारच्या जिल्ह्यात माझ्याच हुद्द्यावर, माझ्याच पगारावर होती. मी विचारलं, मास्टर्स कुठून केलंस? तिनं त्याच सरकारी संस्थेचं नाव घेतलं.

"ताई, तुमचे उपकारच म्हणायचे," ती म्हणाली. "वेटिंगला मी पहिलीच होते. मी रडत बसलेले, तर बाबा म्हणाले, रडू नगं, वरची एक जागा सुटणार हाय."

मी विचारलं, हे कधी म्हणाले? ती म्हणाली, ते तुमच्या घरी जेवायला गेले होते ना, त्याच्या आदल्या दिवशी. इंग्लंडचं मी आपणहून ठरवलं, असंच त्या पोरीला वाटत होतं. तुम्हाला आवडते ना, म्हणून तिनं आपल्या ताटातली जिलेबी माझ्या ताटात ठेवली. मी ती तशीच ठेवून उठले.

त्याच रविवारी मी सरांच्या घरी गेले. सर आता निवृत्त झाले होते, ओट्यावर पेपर वाचत बसले होते. केवढ्या आनंदानं त्यांनी मला बघितलं! आत हाक मारली, "अगं, आमची इंग्लंडची डॉक्टर आली, चहा टाक." मी बसले नाही. तुम्हाला माहीत होतं का, असं मी विचारलंच नाही. त्यांनीच शिकवलेलं, दार ठेवायचं नाही.

"सर, माझी जागा अनुजाला द्यायची, हे तुम्ही कवा ठरवलं?"

त्यांनी पेपराची घडी घातली, परत उलगडली, परत घातली. मग खाली बघत म्हणाले, "तिला कर्ज झेपलं नसतं, गं. लई हळवी हाय ती. तुला झेपंल हे मला ठावं हुतं. मी खोटं न्हाय बोललो."

"आणि आण्णांना झेपतंय का, ते कुणी बघायचं हुतं?"

एवढं बोलून मी निघाले. आतून चहाचा कप घेऊन सरांच्या पत्नी बाहेर आल्या, तोवर मी फाटकापाशी पोचले होते.

मला त्या माणसाचा राग येतो. अजूनही येतो, भाकरी थापताना येतो, बँकेचा मेसेज आला की येतो. नुसता लबाड असता तर थुंकून मोकळी झाले असते. पण इंग्लंडची गोष्ट सांगताना त्यांच्या डोळ्यांत येणारं पाणी खरं होतं. मी तिकडं जावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. फक्त त्या वाटण्याचं ओझं त्यांनी माझ्या बापाच्या पाठीवर टाकलं आणि आपली लेक सावलीत बसवली. आता कुणी पोर शिकायचं विचारायला आलं, की मी आधी एवढंच सांगते: तुला सल्ला देणाऱ्याला विचार, तुमची पोरं कुठं शिकतायत?

गेल्या थंडीत सर गेले. झोपेतच. मी जाणार नव्हते, पण आण्णा ऐकेनात. कारखान्यातून तसेच आले, केसांत कापसाचे तंतू, आणि म्हणाले, चल. आण्णांना मी काहीच सांगितलेलं नाही. स्मशानात ते पोरासारखे रडले. अनुजाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, तुझ्या बाबांनी माझ्या लेकीचं सोनं केलं. अनुजा त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी चपला घालून बाहेर उभी राहिले.

परतताना एस.टी.त आण्णा माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "घर गहाण पडलं, रातपाळी धरली, त्याचं काय बी वाटत न्हाय बघ. असला माणूस भेटायला नशीब लागतंय. व्हय का न्हाय?"

मी "व्हय" म्हणाले.