रोहण्याचे नामदेवराव आणि आमचे भाऊ

सुनीलभाऊ गेले आणि त्यांच्यासोबत रोहण्याचे नामदेवरावही गेले.

नामदेवराव नावाचा माणूस मुळात कधी नव्हताच.

वर्ध्यात झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत भाऊंनी वेबसाइटची कंपनी काढली. स्टाफमध्ये मी, आणि एक पंखा. पंखा माझ्यापेक्षा कमी काम करायचा.

साइट तयार झाली की भाऊ तिच्या फॉर्ममध्ये गिऱ्हाईक बनून मागणी टाकायचे. या धंद्यातले बाकीचे लोक फॉर्म तपासताना "टेस्ट टेस्ट" लिहून मोकळे होतात. भाऊंना ते पटायचं नाही.

नाव नामदेवराव. गाव रोहणा, कारण ती त्यांची सासुरवाडी. मोबाइल नंबर स्वतःचा.

आमचं पहिलं मोठं काम सिंदीच्या वसंतकाकांचं. काकांचं सरकी ढेपेचं दुकान. भाऊंनी फॉर्म भरला: "टेम्पोभर ढेप पाठवा. म्हशी उपाशी आहेत."

म्हशी उपाशी आहेत हे वाचल्यावर काका फोन करायलाही थांबले नाहीत. टेम्पो भरला आणि स्वतः ड्रायव्हरशेजारी बसून निघाले.

दुपारी भाऊंचा फोन वाजला. त्यांनी स्पीकरवर टाकला.

"नामदेवराव काय? मी तुमच्या गावात ढेप घेऊन उभा आहो. इथं तुमाले कोनी वयखतच नाई."

भाऊंचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही.

काका भरला टेम्पो घेऊन सिंदीत परतले असते, तर त्या बाजारात आमच्याकडून कुणी व्हिजिटिंग कार्डही घेतलं नसतं. कंपनी तिथंच संपली असती. फोन कट करून "राँग नंबर" म्हणता आलं असतं. मी तर तशी खूणही केली.

भाऊ म्हणाले, "काका, नामदेवराव म्हणजे मीच. सुनील. चूक माही आहे. तिथंच थांबजा, येऊन राह्यलो."

मला मागे बसवून त्यांनी गाडी रोहण्यापर्यंत अशी हाणली की मी वाटेत दोन नवस बोलले.

काका टेम्पोत फुगून बसले होते. भाऊंनी माफी मागितली आणि टेम्पो थेट सासऱ्यांच्या दारात नेला. दिवाळसणानंतर जावई पहिल्यांदाच सासरी आला, तो ढेप घेऊन. सासूबाईंनी चहा ठेवला. मेहुणे मागच्या दाराने निघाले होते, त्यांना भाऊंनी धरून आणलं.

मग भाऊ, मेहुणे आणि मी दारोदार फिरलो. कॉम्प्युटर शिकून मी म्हशींना ढेप विकत होते. संध्याकाळी टेम्पो रिकामा झाला. सासऱ्यांनी तर म्हैस नसताना एक पोतं घेतलं.

परतताना काका एवढंच म्हणाले, "वेबसाइट चांगली आहे बा. पहिल्याच दिवशी टेम्पो खाली झाला."

आणि हेच त्यांनी सिंदीभर सांगितलं. खरं काय झालं ते आम्हीही कुणाला सांगितलं नाही. कामं यायला लागली.

त्यानंतरही नामदेवराव येत राहिले. फक्त आधी भाऊ गिऱ्हाइकाला फोन करायचे, "नामदेवराव येऊन राह्यले, टेम्पो नका भरू."

गेल्या वर्षी आजच्याच दिवशी भाऊ गेले. छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्यात पोहोचलेच नाहीत. कंपनी माझ्यावर आली. मला जमेल की नाही, हे अजूनही रोज सकाळी वाटतं.

आमच्या कंपनीची स्वतःची साइट कधी झालीच नव्हती. "आधी गिऱ्हाइकाचं," भाऊ म्हणायचे. ती आज सुरू केली आणि लिंक सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना पाठवली.

फॉर्म तपासायला बसले. नावाच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना. तेवढ्यात पहिला मेसेज येऊन पडला.

नाव: नामदेवराव. गाव: रोहणा.
मागणी: "म्हशी मजेत आहेत. भाऊची लय आठवण येते. कंपनी बंद नको करजो पोरी."

मोबाइल नंबर वसंतकाकांचा.

मी खूप रडले. मग काकांना फोन करून सांगितलं की मागणी पोहोचली.

भाऊ, तुमचा फॉर्म चालतो. कंपनीही चालेल.

तुम्हाला आणि नामदेवरावांना मनापासून नमस्कार.