डकोटाचा अर्धा पॅनल

वैभववाडीपासून चार मैलांवर, घाटाच्या पायथ्याशी बाबली रावराण्यांचं घर आहे. घरामागच्या मांगरात इतरांकडे काजूबी असते, गवत असतं, मोडका नांगर असतो. बाबलींच्या मांगरात मात्र विमानं आहेत. अख्खी नव्हेत, त्यांच्या कॉकपिटमधले तुकडे. व्हायकाउंटचं स्टिअरिंग, कॅरव्हेलचा वेगमापक, फोकरच्या इंजिनांची तापमानं दाखवणारी घड्याळं, आणि एका जुन्या बोइंगच्या वैमानिकाची खुर्ची. तिच्यात हल्ली मांजर झोपते. मधल्या भिंतीला टेकून डकोटाचा पॅनल आहे, म्हणजे वैमानिकांच्या समोरचा घड्याळांचा फळा. मधला भाग आणि उजवी बाजू आहे. डावी बाजू नाही.

बघायला आलेला माणूस विचारायचाच, "काका, हेची दुसरी बाजू खंय?"

"गेली," बाबली म्हणायचे आणि कॅरव्हेलच्या गोष्टी सांगू लागायचे. तिच्या तिकोनी खिडक्या, शेपटीपाशी बसवलेली इंजिनं, कानठळ्या बसवणारी तिची किंकाळी. ऐकणारा पॅनल विसरून जायचा.

दुसरी बाजू शिरोड्याला जुबेरकडे असणार, असं बाबली धरून चालले होते.

बाबली विसाव्या वर्षी मुंबईला गेले आणि सांताक्रूझला एका विमान कंपनीच्या वर्कशॉपात लागले. काम उपकरणं दुरुस्त करण्याचं. शेजारच्या टेबलावर शिरोड्याचा जुबेर होता, मासळीच्या व्यापाऱ्याचा मुलगा. पहिल्याच दिवशी बाबलींच्या तोंडून 'खंय' ऐकून तो उडालाच. "अरे, तू आमच्याच मुलखातलो!" म्हणाला, आणि डब्यातली सुरमईची तुकडी त्यांच्या झाकणात ठेवली. पुढची पंचवीस-तीस वर्षं दोघांचे डबे एकत्रच उघडत होते.

दुपारी जेवून दोघं छपराखाली डोळे मिटून बसायचे आणि आवाजावरून विमान ओळखायचे. जुबेर कधी चुकत नसे. डकोटा तर त्याला लांबूनच कळायची. तिच्यावर त्याचा फार जीव. "ही बाय शेपटी खाली टाकून बसता," तो म्हणायचा. "माणसां चढण चढल्यासारी आपल्या जाग्यार जातत. पण एकदा वर गेली काय घारीसारी!"

पुढे डकोटा मोडीत निघाल्या. कुर्ल्याच्या एका भंगारवाल्याकडे दोघांना एकीचा अख्खा पॅनल दिसला, चिखलात पालथा पडलेला. रविवारी दोघांनी तो उचलून आणला. पण ठेवायचा कुठे? दोघांच्याही खोल्या दहा बाय बाराच्या. शेवटी करवतीने कापला. कॅप्टनची डावी बाजू जुबेरची, बाकीची बाबलींची. रिटायर झालो की गावी जाऊन जोडायचा, असं ठरलं. तोवर हरवलेली घड्याळं शोधून एकेक भोक भरत राहायचं.

डाव्या बाजूचा जीव म्हणजे कृत्रिम क्षितिज. ढगात शिरल्यावर जमीन कुठली नि आभाळ कुठलं हे वैमानिकाला दाखवणारं ते यंत्र. वर्कशॉपात त्याला सगळे होरायझन म्हणत. जुबेरच्या होरायझनचं बेअरिंग खरखरायला लागलं तेव्हा त्याने ते बाबलींना दिलं. एवढा हलका हात दुसऱ्या कुणाचा नव्हता.

त्याच महिन्यात बाबलींना नवं क्वार्टर मिळालं, सामानाची हलवाहलव झाली. वर्षभराने जुबेरने होरायझन मागितलं. बाबली म्हणाले, "मी तुका कधीच परत दिलंय." त्यांना अगदी आठवत होतं, कागदात गुंडाळून हातात दिल्याचं. जुबेर म्हणाला, "ता दुसरा घड्याळ. होरायझन तुझ्याकडेच आसा." शोधाशोध झाली, सापडलं नाही. एवढ्यावर मिटलं असतं. पण कुणीतरी बाबलींच्या कानात सोडलं की जुनी उपकरणं विकत घेणारा एक परदेशी माणूस मुंबईत उतरला होता आणि जुबेर त्याला भेटून आला. जुबेरनेच होरायझन त्याला विकलं असणार, हे बाबलींनी तोंडाने काढलं नाही. मनात मात्र ते घट्ट बसलं.

जुबेरच्या मुलीचं, नाझमीनचं लग्न शिरोड्याला झालं. मांडव भरलेला, पाहुण्यांची पंगत बसलेली. जुबेर पातेलं घेऊन पानापानावर वाढत फिरत होता. बाबलींसमोर येऊन म्हणाला, "अजून घे रे, लाजतंस कित्याक?" आणि बाबलींच्या तोंडून निघून गेलं, चांगलं मोठ्याने:

"घेतंय तर. आमचो होरायझन इकून घातलेला जेवाण, सोडतलंय कशाक?"

अख्ख्या पंगतीने वळून बघितलं. जुबेरच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. दारात उभ्या असलेल्या सलमाने, त्याच्या बायकोने, ते ऐकलं. बाबली हात धुऊन निघाले. नंतर जुबेरने बदली मागून घेतली. दोघं पुन्हा एकमेकांशी बोलले नाहीत. त्याला सव्वीस वर्षं झाली.

गेल्या वर्षी बाबलींच्या बायकोने, रुक्मिणीने, शिवणयंत्र काढलं. हात चालत नाहीत, तर भाचीला तरी द्यावं म्हणून. यंत्राच्या लाकडी पेटीत तळाला बाबलींचा खाकी कोट कोंबलेला होता, हलवाहलवीत तिनेच कधीतरी कोंबलेला. ती कोट झटकायला गेली तर जड लागला. तिने हाक मारली.

कोटात होरायझन होतं. त्याला वर्कशॉपचं पिवळं लेबल बांधलेलं, आणि लेबलावर बाबलींचं स्वतःचं अक्षर: 'जुबेर. बेअरिंग बाकी.'

बाबली ओटीवर बसले ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. रुक्मिणीने दोनदा चहा आणून ठेवला, दोनदा थंडगार परत नेला.

मग त्यांनी होरायझन उघडलं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी हात कापतात, म्हणून कोपर टेबलाला टेकवून काम केलं. बेअरिंग कोल्हापुराहून मागवलं. बावीस दिवस लागले. ते हवेच्या झोतावर चालतं, म्हणून वैभववाडीच्या पंक्चरवाल्याकडे नेऊन हवेची नळी लावली तेव्हा आतली चकती घरघरली, आणि आडवी पांढरी रेघ डुलत डुलत सरळ होऊन थांबली. पंक्चरवाला म्हणाला, "बरा चालता हां!" बाबलींनी मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ते सावंतवाडीला उतरले, तिथून एसटीने शिरोडा. वाटभर वाक्यं जुळवत होते. दार सलमाने उघडलं. केस पांढरे झालेले, पण तिने लगेच ओळखलं. काही न बोलता बाजूला झाली.

जुबेर पडवीत आरामखुर्चीत होता. बाबलींना बघून त्याचा चेहरा खुलला. "इलंस? बस, बस. डबो हाडलंस?"

बाबलींचा जीव भांड्यात पडला. ते खाली बसले, होरायझन त्याच्या मांडीवर ठेवलं आणि जुळवलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. माझ्याकडेच होता. तुझां खरां होता. लग्नात मी घाण केलंय. माका माफ कर.

जुबेर हसत ऐकत होता. काचेवरून बोट फिरवत म्हणाला, "बरो आसा. डकोटाचो." मग जरा वाकून विचारलं, "तुमी खंयचे?"

बाबलींना कळायला वेळ लागला. सलमा मागे उभी होती. "तीन वर्सां झाली," ती म्हणाली. "नाझमीनाकय कधी कधी वळखनत नाय. लगीन, भांडण, तेका कायच याद नाय."

"पण तो म्हणालो ना माका, डबो हाडलंस?"

"ता सगळ्यांकच म्हणतत. पोस्टमनाकय."

बाबली स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी गेले. "भाभी, मग तुमी तरी माका माफ करा. आणि तेची डावी बाजू आसा ना? माझी मी हाडतंय. हयच जोडून देतंय, तेच्या डोळ्यांसमोर."

सलमा भांडी पुसत होती. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"ती नाय. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तेनी ती भंगारवाल्याक देवन टाकल्यानी. फुकट. म्हणाले, हेच्याकडे बघलंय काय जेवाण गळ्याखाली उतरत नाय." थोडं थांबून ती पुढे म्हणाली, "तो गोरो मनीस, तेच्याकडे ते डकोटाचो नकाशो मागूक गेल्ले. तुमच्या आणि तेंच्या बाजूचां जोडकाम नीट होवचां म्हणान."

बाबली उंबऱ्यावरच टेकले.

"माफीचां काय," सलमा म्हणाली. "तुमी तेवा भरल्या पंगतीत बोललास. आता माका एकटीक सांगतास, चुलीकडे."

तिने आवाज चढवला नव्हता. बाबली चपला घालून बाहेर पडले ते थेट बाजारात. सलमाचा भाऊ अब्दुल त्या पंगतीत त्यांच्या शेजारीच बसला होता, एवढं त्यांना आठवत होतं. त्याचं सुक्या मासळीचं दुकान अजून होतं. चार गिऱ्हाइकं उभी असताना बाबलींनी मोठ्याने सांगितलं की नाझमीनच्या लग्नात आपण जुबेरला चोर म्हटलं, आणि ती वस्तू आपल्याच घरात होती. गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघू लागली. अब्दुलने चष्मा वर केला.

"मी इसारलेलंय नाय," तो म्हणाला. "पण त्या पंगतीतली आता पाच-सात माणसां उरली आसतली. बाकीची ताच डोक्यात घेवन गेली."

त्या पाच-सातांची नावं बाबलींनी त्याच्याकडून एका पावतीच्या पाठीवर लिहून घेतली. पावसाळ्याआधी चौघांकडे जाऊन आले. एक रेडीला, एक बांद्याला, दोघे शिरोड्यातच. एकाला काहीच आठवत नव्हतं. त्याला आधी सगळी गोष्ट सांगावी लागली आणि मग ती खोटी होती हेही सांगावं लागलं. नाझमीनला मुंबईला फोन केला. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

होरायझन जुबेरच्या उशाशी आहे. बाबली महिन्यातून एकदा शिरोड्याला जातात. जुबेर त्यांना कधी पोस्टमन समजतो, कधी डॉक्टर. एखाद्या दिवशी दोघं डकोटावर तासभर बोलतात, आणि तेवढा वेळ तो एकही गोष्ट चुकत नाही. सलमा चहा देते. ती मागच्या दारी असली तर बाबली पडवीतच थांबतात, तिने बोलावल्याशिवाय आत जात नाहीत. आजवर तिने त्यांना दोनदा आत बोलावलं आहे.