संत्रा म्हणायचं न्हाई

गेवराईच्या हायवेवर माझ्या दोस्ताची परमिट रूम आहे आणि दोस्ताच्या गळ्यात तुळशीची माळ. साऱ्या तालुक्याला पाजून हा गडी स्वतः कोरडा. दारूचा थेंब बोटाला लागला तर बोट गोदावरीत बुडवून येतो अशी त्याची ख्याती. ती मीच पसरवली, म्हणजे खरीच असणार.

त्याचा पोरगा पुण्याच्या मोठ्या हॉटेलात कॉकटेलं बनवायचा. नोकरी सोडून आला तो पिशवीत एक परदेशी बाटली घेऊन. संत्र्याच्या सालीचा वास असलेली गोड दारू.

"आबा, ह्यात आपल्याकडच्या चिजा घालून नवं कायतरी बनवतो. हितंच राहतो."

"सोडा वतायला शिकायला पुण्याला गेलता व्हय?" दोस्त गुरकावला. "बरं. आज एका गिऱ्हाइकानं जरी दुसरा गिलास मागितला तर काउंटर तुझं. न्हाईतर उद्या पुणं."

बोलला कडक. पण सकाळीच त्यानं पोराच्या खोलीतला पंखा दुरुस्त करून घेतला होता, हे मी पाहिलं होतं.

दुपारभर चाखायला मी. सीताफळाचा गर घातला तर गिलासात चमचा उभा राहिला. उसाच्या रसातलं प्यालो तर पार चकलांब्याहून मुंग्या माझ्या मिशीचा पत्ता विचारत आल्या. मग पोरानं चिंचेचा कोळ, गूळ, चिमूटभर काळं मीठ घातलं आणि वर संत्र्याची ताजी साल पिळली. ज्याच्यापुढं डॉक्टरांनी हात टेकले, तो माझा गुडघा एका घोटात मांडी घालून बसला!

संध्याकाळी ऊसतोडीचा मुकादम आला. पहिला घोट घेतला आणि डोळे मिटून डोलला.

"लई झ्याक! काय हाय बे हे?"

पोरगं भोळं. म्हणालं, "संत्रा."

झालं! आमच्याकडे दारूच्या दुकानात संत्रा म्हणजे फळ नव्हे. संत्रा म्हणजे देशी, उपरण्याखाली लपवून न्यायची.

"मला देशी कावून पाजलीस बे?" मुकादमानं गिलास आपटला.

"मुकादम, विमानातून आलीय ती!" मी म्हणालो.

"मंग विमानातच प्या!"

तो गेला. बाकीच्यांनी गिलासाला हात लावला नाही. पोरगा पुसलेलाच गिलास पुसत राहिला. "सकाळच्या गाडीनं जातो, आबा."

दोस्त गल्ल्यावरून उठला. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत तो जन्मात बसला नव्हता. मुकादमाच्या जागी जाऊन बसला.

"मला दे एक. दारू सोडून समदं घाल."

चिंच, गूळ, मीठ, साल. त्यानं घोट तोंडात घोळवला. हायवेवरचे ट्रक थांबले असावेत, मला तरी एकही ऐकू आला नाही. गिलास रिकामा झाला.

"आणखी एक."

"आबा, तुमी काय गिऱ्हाईक हाय का?"

"खुर्चीत कोण बसलंय? दुसरा मागितला का न्हाई?" दोस्तानं माळ सारखी केली. "आन् हे बघ, परत संत्रा म्हणायचं न्हाई. कुणी इचारलं काय हाय, तर सांगायचं, माझा बाप दोन गिलास प्याला."

माळकऱ्यानं दोन गिलास रिचवले, ही बातमी मी दुसऱ्या दिवशी लिंबागणेशपर्यंत पोचवली. त्यात काय नव्हतं, तेवढं सांगायचं राहून गेलं. संध्याकाळी बसायला खुर्ची मिळेना, आणि मुकादम सगळ्यांत पुढं!