समज देऊन सोडू नका

बाल न्याय मंडळावरच्या आमच्या बाईंइतकं कायद्याला शब्दशः धरून बसणारं, आणि तरीही आजूबाजूच्या प्रत्येकाला या कायदा मोडतायत असं वाटायला लावणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातून गुन्हा घडला की प्रकरण या मंडळापुढे येतं. तिथे एक दंडाधिकारी असतात, म्हणजे आमचे साहेब, आणि दोन समाजसेवक सदस्य. बाई त्या दोघांपैकी एक. परळच्या चाळीत वाढलेल्या, वडील गिरणीत, स्वतः महापालिकेच्या शाळेत जन्मभर शिकवून निवृत्त झालेल्या, आणि उंचीने आमच्या साहेबांपेक्षा वीतभर जास्त. मंडळाने मुलासमोर उंचावर बसायचं नाही, असा नियम आहे. साहेबांनी तो चौथरा काढून टाकून पाळला होता. बाईंना तेवढं पुरेना. त्यांनी एका सोमवारी सुतार बोलावून आपल्या खुर्चीचे पाय चार बोटं कापून घेतले. त्यानंतर त्यांचे गुडघे दिवसभर टेबलाला घासत, पण नजर बरोबर मुलाच्या नजरेला येई. "मी उंच आहे, त्याला मुलांनी काय करायचं?" एवढंच त्यांचं म्हणणं.

पोलिसांनीही तिथे गणवेशात यायचं नसतं. कोणी विसरून आलाच, तर बाईंच्या कपाटात त्यांच्या भावाचे दोन जुने बुशशर्ट कायम घडी करून ठेवलेले असत. एकदा एक भारदस्त हवालदार त्यातल्या फुलाफुलांच्या शर्टात, न लागणारी बटणं एका हाताने धरून उभा राहिला. त्याच्याकडे बघून समोरचं भेदरलेलं पोर हसलं. "आता विचारा काय ते," बाई म्हणाल्या. 'आरोपी' हा शब्द तर त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. ज्याच्या तोंडून तो निघेल त्याने वाक्य पहिल्यापासून सुरू करायचं. मी तिथे मोफत कायदेशीर मदतीचा वकील म्हणून नवा होतो तेव्हा एकच वाक्य मी चारदा सुरू केलेलं आहे. ते जमलं, तर पुढचा प्रश्न तयार असे. "तू या मुलाशी बोललास का रे?" मी म्हणे, "सगळे कागद वाचलेत, बाई." "कागदांचं नाही विचारलं." की मग मी आणि ते मूल, दोघांची रवानगी अर्ध्या तासासाठी बाहेरच्या व्हरांड्यात.

अशाच एका मुलीबरोबर मी तीन वेळा व्हरांड्यात बसलो, आणि तिन्ही वेळा ती एक अक्षर बोलली नाही. लालबागची, सोळा वर्षांची. शेजाऱ्याची स्कूटर न विचारता घेऊन निघाली आणि वळणावर एका भाजीवाल्या आजोबांना धडकली. आजोबांचा पाय मोडला. ही स्कूटर तिथेच टाकून पळून गेली. तिची आई मला सारखी विचारायची, "शाळेत कळणार नाही ना, वकीलसाहेब?" माझ्या दृष्टीने प्रकरण सोपं होतं. पहिलीच चूक, चांगलं घर. मुलीला समज देऊन सोडावं, असा मी अर्ज केला. साहेबांनी पेन उघडलंसुद्धा.

"समज देऊन सोडू नका," बाई म्हणाल्या.

"अहो, कायद्यात बसतंय," साहेब म्हणाले.

"बसतंय. पण ही एकदा पळाली, आता आपण तिला आणखी थोडं पळू देतोय. त्या माणसाकडे हिने एकदा तरी बघितलंय का?"

बाईंचं म्हणणं असं, की तीन महिने दर रविवारी सकाळी मुलीने आजोबांना व्यायामासाठी इस्पितळात न्यावं आणि घरी आणून सोडावं. सोबत परिविक्षा अधिकारी, म्हणजे मुलांवर लक्ष ठेवणाऱ्या मॅडम, असतील. समाजसेवेचा आदेश मंडळाला देता येतो, तेव्हा साहेब तयार झाले. आजोबा मात्र होईनात. कुबड्या टेकत आले आणि म्हणाले, "माका तिचा तोंड बघूचा नाय. आत टाका तिका."

बाई आपल्या घरच्या मालवणीवर आल्या. "आत टाकला तर तुमचो पाय बरो होतलो?"

आजोबा पाठ फिरवून निघून गेले. बाईंनी पुढची तारीख दिली. त्या तारखेलाही नकार, मग पुढची तारीख. मुलीच्या आईचे कामाचे खाडे होत होते, साहेब चिडले होते, आणि मी बाईंना तोंडावर सांगितलं, की हा हट्ट आहे. "आहेच," त्या शांतपणे म्हणाल्या. चौथ्या तारखेला आजोबा दारातूनच बोलले, "येऊंदे तिका. पण माझ्याशी बोलूचा नाय."

तीन महिन्यांनी सगळे पुन्हा समोर आले. मुलीने एकही रविवार चुकवला नव्हता. साहेबांनी आजोबांना विचारलं, काही तक्रार आहे का.

"भराभर चालता. माका धाप लागता."

आणि ती मुलगी आमच्यासमोर पहिल्यांदाच बोलली. "आजोबा सांगत नाहीत. नुसते थांबतात. मलाच मागे वळून बघायला लागतं." मग खाली बघत म्हणाली, "त्या दिवशी मी वळून बघितलं नव्हतं."

आजोबांनी हात लांब केला आणि उठायला तिचा आधार घेतला. बाई चष्मा पुसत बसल्या, मग म्हणाल्या, "पुढचं घ्या."

वर्षभरात बाईंची मुदत संपली आणि त्या येईनाशा झाल्या. परवा संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर अचानक भेटल्या. थोड्या वाकल्यात. बोलता बोलता मी म्हटलं, ती लालबागची मुलगी नर्सिंगला लागली, तिची आई भेटली होती. बाईंनी माझ्याकडे बघितलं. "कुठली रे?" मी सांगायला लागलो, तर त्यांनी हातानेच थांबवलं. अशा मुलांची जुनी प्रकरणं पुढे काढायची नसतात, काही वर्षांनी कागदही नष्ट करायचे असतात, असं कायदाच म्हणतो. बाई खरंच विसरल्या होत्या की कायदा पाळत होत्या, मला कळलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही. समोर पोरं क्रिकेटची जाळी सोडवत होती. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं ते बघत बसलो.